माळकऱ्याचं कुत्रं

दादा, आज कुत्र्याला नारायणगावच्या डॉक्टरकडे नेलं होतं. जिना चढताना तो दोनदा कोसळला, म्हणून. तुम्ही जुन्नरच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतात, तेव्हा कुत्रं कुणी आणलंच तर पिसाळल्याच्या संशयानं. या नारायणगावच्या दवाखान्यात एसी आहे आणि माझ्याआधी एका मांजराचा नंबर होता. डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची. म्हणाली, "खायला काय घालता, काका?" मी म्हटलं, "भाकरी, दूध, वरणभात. माळकऱ्याचं घर आहे आमचं." ती हसली नाही. "शाकाहारी ठेवायचं तर ठेवता येतं. पण मग त्याला लागतं ते सगळं मोजून घातलेलं खाद्य द्यावं लागतं. नुसत्या भाकरीनं पोट भरतं, अंग नाही भरत." हृदय मोठं झालंय म्हणाली. खाण्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण खाणं आजपासून बदला, वाचेल का ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. मला वाईट वाटायला हवं होतं. मी भिंतीवरचं जंताच्या औषधाचं पोस्टर वाचत बसलो.

तुम्ही माळ घातलीत तेव्हा मी आठवीत. वारूळवाडीच्या घरातलं मटणाचं पातेलं आईनं चुलत्यांकडे पोचवलं. माणसानं माळ घातली की घरानं घालायची, घरानं घातली की कुत्र्यानं. त्याला विचारायची पद्धत नव्हती. मलाही कुणी विचारलं नव्हतं. आपलं काळं कुत्रं घरी भाकरी खायचं आणि दुपारी खानावळीच्या मागे जाऊन यायचं. घरी माळकरी, गावात मोकळा. आळीतले निम्मे लोक असेच जगत होते, त्यामुळे सगळ्यांच्या तब्येती उत्तम. मग एक दिवस गोठ्यामागे तुम्हाला अंड्याची टरफलं सापडतात. तुम्ही ती तळहातावर घेऊन उभे आहात. "ह्ये कुणी खाल्लं?" मी कुत्र्याकडे बोट दाखवतो. तुम्ही चिडत नाही. "मुकं जनावर, त्याला काय कळतंय. सोडलंच न्हाई म्हंजी झालं." संध्याकाळी तुम्ही साखळी आणलीत. वर्षभरात त्याचे केस गेले, मागचे पाय ओढत चालायला लागलं. गाईचा कान धरून ताप सांगणारे तुम्ही, त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालात, "वय झालं त्याचं." त्याचं वय चार होतं.

तुमच्यामागे मी तो नियम तसाच ठेवला. पुढाऱ्यांपासून पुजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची लिहून टिंगल केली, या नियमाला हात लावला नाही. लोक म्हणतात, वडलांवर किती श्रद्धा. मी ते खोडून काढत नाही.

आज संध्याकाळी घरात पहिल्यांदा अंडी उकडली, दोन. एक कुस्करून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग खाल्लं. दुसरं मी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं. बायकोनं विचारलं तर दोन्ही त्याच्याच नावावर घालीन.

गोठ्यामागची टरफलं माझी होती, दादा. कुत्रं अंडं सोलून खात नाही. हे गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला कळलं नसेल, असं मला कधीच वाटलं नाही. तरी साखळी तुम्ही त्यालाच घातलीत, आणि मी गप्प बसलो. आजची टरफलं या कागदात गुंडाळतोय. सकाळी घंटागाडी येते.