बाराशे सातची सोय

मी खाली सही करणार, वय सदुसष्ट, प्रयोगशाळेच्या प्राणिगृहातून निवृत्त झालेला सेवक, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने हे लिहून ठेवतो. हे शब्द वकिलांनी सांगितले. लिहिताना हात थबकला. एकतीस वर्षं मी ज्यांना धरून ठेवलं, त्यांच्यापैकी एकाच्याही बाबतीत यातलं काही लिहिता आलं नसतं.

१. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. कसलीही अट नाही. मोरीचा नळ गळतो, तो जरा दाबून बंद करावा लागतो.

२. सायकल धाकट्या भावाला. "दोन दिवसांत आणून देतो, दादा," म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्याने ती नेली. आता कागदोपत्रीही त्याचीच. निदान चाकांत हवा तरी भरावी.

३. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ मोठ्या साहेबांना परत करावं. खोक्यातून काढलेलंही नाही. साहेब भाषणात म्हणाले होते, "यांच्या हातात जादू आहे, ससा हूं की चूं करत नाही!" टाळ्या पडल्या. जादू कसली आलीय? पेटीत अडकवलेला ससा धडपडायचा आणि चाचणीच्या औषधाचे थेंब डोळ्याबाहेर जायचे. माझ्या कुशीत तो गप्प बसायचा, कारण चारा मीच द्यायचो, पिंजरा मीच झाडायचो. म्हणून थेंब घालायच्या वेळी मलाच बोलावणं यायचं. माझी माया त्यांच्या कामाला यायची. मला याची लाज वाटते.

४. मुलगी कॉलेजात असताना एकदा माझा डबा घेऊन आली आणि तिने दारातून हे पाहिलं. "बाबा, तो तुमच्या भरवशावर बसलाय हो," एवढंच म्हणाली. नोकरी लागताच तिने घर सोडलं. तेव्हापासून मी उत्तर जुळवतो आहे. तिच्या आईला शेवटपर्यंत दिसत होतं ते ज्या औषधामुळे, ते याच सशांच्या डोळ्यांतून पुढे गेलं होतं. हे खरं आहे. शाम्पूसाठीही मी तसेच ससे धरले, हेही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही. तिची आई गेल्यावर हे ऐकायला घरात कोणी उरलं नाही. मी एकटाच जेवतो.

५. बाराशे सात. हा त्या सशिणीच्या कानावरचा नंबर. दुसरं नाव ठेवायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मी नोंदवहीत तिच्यापुढे 'मृत' लिहिलं आणि तिला पिशवीतून घरी आणलं. एकतीस वर्षांतली माझी एकच खोटी नोंद. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी हललेली पाहिली आणि तरीही वहीत त्या नोंदीखाली सही केली. बाराशे सातला उजव्या डोळ्याने दिसत नाही. माझ्यामागे मुलीने तिला न्यावं अशी माझी इच्छा आहे. नाही नेलं तरी घर मुलीचंच. डॉक्टरीणबाई सशिणीला सांभाळायला तयार आहेत. कोणाला धरून बसवायचं काम मी सोडलं आहे.

बाळ, नेलीस तर एवढं कर. तिला उगाच उचलू नकोस. मी उचललं की ती तशीच गप्प बसते, आणि मला ते सोसत नाही, म्हणून मी उचलणं बंद केलं. रोज संध्याकाळी मी फरशीवर बसतो, हात मांडीवर उघडे ठेवून. ती पलंगाखालून बघते. चार वर्षांत एकदाही आलेली नाही. तू तिच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तिला दिसशील. तुझ्याकडे ती येईल.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, खोडलं काही नाही.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर, सकाळी
सही : (प्राणिगृहाचा माजी सेवक)

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी : माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार दुसरी, प्राणिगृहाची माजी डॉक्टर : सही करणारे शुद्धीवर आहेत. बाराशे सात जिवंत आहे, मी आत्ता पलंगाखाली पाहिली. तिच्याबद्दलची माझी मागची सही खोटी होती. ही खरी.