बेटावरची रिंगणं

३ एप्रिल, गुरुवार
आज कुत्रं मारलं. मारायचं नव्हतं, हाकलायचं होतं. पण त्याच्या तोंडात सुरय पक्ष्याची मादी होती, एक पंख अजून फडफडत होता, आणि हाताशी दगड आला. कानशिलावर बसला. वीस वर्षं पोरींना गोळाफेक शिकवतेय, नेम चुकत नाही. कुत्रं जागेवर आडवं झालं. पक्षीही गेला. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं.
आमच्या पक्षिमित्र मंडळाचे देशमाने सर कॉलेजातून रिटायर झाले तरी बोलणं अजून वर्गातलंच. म्हणाले, बाई, रागावर ताबा हवा. मी म्हटलं, ताबा ठेवला असता तर त्याने दुसरी धरली असती.
उजनीचं पाणी भराभर उतरतंय. बेट किनाऱ्याला चिकटलं. आता कुत्री, डुकरं, माणसं सगळी चालत येणार, आणि अंडी तर उघड्या वाळूत. रविवारी मधे चर खणायचा.

६ एप्रिल, रवि.
चर झाला. मांडीएवढा, पाणी खेळतंय. तळहात सोलून निघाले.
दुपारी संतोष आला, चारजण घेऊन. हा माझा सख्खा धाकटा दीर. पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात तो दरसाल कलिंगड करतो. यंदा त्याचा तुकडा नेमका बेटाच्या पलीकडच्या टोकाला.
"वैनी, ट्रॅक्टर कुटनं न्यायचा मी? आज्जाचं रान हाय हे. धरणात गेलं. वरसातनं तीन म्हयने दिसतं आमाला, त्यातबी तुमी चर मारला?"
मे अखेरपर्यंत थांबा म्हटलं, पिल्लं उडाली की मीच बुजवून देते. तवर पाणी पाजू नको का वेलाला, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण मी आवाज चढवला, तोही चढला, आणि त्याच्यातल्या कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. सरांची भुवई फुटली. मग आमच्याकडूनही गेली. पाच मिनिटं नुसती ढेकळं. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं.
रात्री हे ताट घेऊन ओट्यावर जाऊन जेवले. भाऊ त्यांचा, बायको त्यांची.

९ एप्रिल, बुध.
शाळेतून फक्कीचं अर्धं पोतं आणलं. प्रत्येक घरट्याभोवती पांढरं रिंगण आखलं, कबड्डीच्या मैदानावर आखतो तसं. एकूण चौदा. सरांचं म्हणणं, बारीक खडे ठेवा, पांढरं नको. मी म्हटलं, सर, खडे कुणाला दिसतात? मागल्या वर्षी तुमच्याच पायाखाली एक अंडं गेलं.
आखताना सुरय डोक्यावर तुटून पडत होते. चोच भांगात बसली, रक्त निघालं. चालायचंच. त्यांना काय माहीत मी कोण.
लांबून बेट झकास दिसतं.

१३ एप्रिल, रवि.
लिहायचं नव्हतं आज. तरी लिहिते.
सकाळी सातला पोचले तर चर बुजवलेला. बेटावरून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट पलीकडे. आणि रिंगणांत अंडी फुटलेली. एकात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. बलक वाळूत सुकलेला, मुंग्या लागलेल्या. एक पिल्लू अर्धं बाहेर आलेलं, मान नाही. पक्षी वर नुसते किंचाळत होते.
संतोष कलिंगडात वाकून पाइप जोडत होता. मी काही विचारलं नाही. फावडं हातात होतं, दांड्याने हाणलं. पहिला पाठीत. दुसरा डोक्यावर बसायचा, त्याने उजवा हात मधे घातला. मनगट मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. तो खाली बसला. मी तिसऱ्यांदा दांडा उचलला होता, सरांनी मागून कवळ घातली.
"वैनी, मी रेषेच्या भाईरनं न्हेला," एवढंच म्हणत होता. "भाईरनं न्हेला की वो."
मी त्याच्यावर थुंकले.

१४ एप्रिल
करमाळ्याला प्लास्टर झालं. दोन हाडं. सुरेखा, माझी जाऊ, दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मला कीव आली नाही. त्या पिल्लाची मान आठवत होती.
हे म्हणाले, मारायचंच होतं तर मला मारायचं.

१६ एप्रिल, बुध.
सरांनी वनखात्यात तक्रार दिली. फोटो जोडले, चाकोरी आणि फुटकं अंडं एकाच चौकटीत. अंडी ट्रॅक्टरखाली चिरडली, साक्षीदार मी. सही केली, डोळे झाकून. सर खुशीत. केस उभी राहिली की हा किनारा राखीव करण्याचा प्रस्ताव वर सरकेल म्हणतात. सहा वर्षं त्या कागदामागे आहेत बिचारे.
चर पुन्हा खणला. घरटी उरली आठ.

१९ एप्रिल, शनि.
उरली पाच. चर शाबूत, नवी चाकोरी नाही, कुत्र्याचा पाय नाही. मग कोण?

२२ एप्रिल, मंगळ.
साडेपाचलाच जाऊन बाभळीआड बसले.
उजाडताना कावळे आले, तीन. दोघे सुरयांच्या अंगावर गेले, त्यांना घरट्यावरून उठवलं. तिसरा खाली उतरला आणि चालत निघाला. शोधाशोध नाही काही. सरळ रिंगणात गेला, अंड्याला भोक पाडलं, प्यायला. तिथून सरळ पुढच्या रिंगणात. मी आखून दिलेलं. वाळूत वाळूसारखी अंडी, सहज सापडली नसती त्याला.
ओरडत धावले. पायाने, हाताने, ओढणीने फक्की पुसत सुटले. पक्षी माझ्याच डोक्यावर चोची मारत होते. मारा म्हटलं.
मग जुन्या चाकोऱ्या बघितल्या. त्या दिवशी बघितल्याच नव्हत्या. प्रत्येक रिंगणाशी वळण घेतलंय. एके ठिकाणी तर मागे घेऊन पुन्हा लावलाय ट्रॅक्टर. एकही रिंगण मोडलेलं नाही.
घरी येऊन मोरीत हातापायांची फक्की धुतली.

२३ एप्रिल
सरांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, हादरतील. चहा ढवळत बसले.
"माहीत होतं मला," म्हणाले. "त्याच दिवशी. ट्रॅक्टरखाली आलं असतं तर अंडं सपाट झालं असतं, बाई. ही भोकं पाडलेली होती."
म्हणजे फोटो निवडून काढले होते. मी विचारलं, का? म्हणाले, तुमच्या दिराला दंड होईल, चार खेटे घालेल, सुटेल. ही जागा गेली तर परत मिळायची नाही. आणि आपणच अंडी मारली म्हणून सांगायचं का खात्याला?
गचांडी धरली त्यांची. अडुसष्ट वर्षांचा माणूस, भिंतीवर आपटला. चष्मा पडला. मग मीच उचलून दिला, पुसून. काच तडकली होती. ते रडत होते की डोळ्यांत पाणी होतं, कळलं नाही. म्हणाले, सोमवारी जबाब आहे. तुमच्यावर आहे सगळं.
वाईट माणूस नाही. म्हणूनच डोकं फिरतं.

२७ एप्रिल, रवि.
संतोषच्या घरी गेले. शेवटी गेले. सुरेखा त्याला भरवत होती, लहान मुलासारखं. मला बघून उठली, पाट दिला, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
सांगायला तोंड उघडलं तर तोच बोलला. म्हणाला, वैनी, बरं झालं आलात, एक काम हाय. उद्याच्याला लेखी द्यायचंय, हात चालंना. सुरेखाला लिवता येत न्हाय. तुमीच लिवा.
कोपऱ्यात पोराची वही होती. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. चर मी बुजवला, कबूल. ट्रॅक्टर मी नेला, कबूल. अंड्यावर घातला नाही, देवाशपथ.
मग हाताकडे बघितलं.
"आणि लिवा, गाळात पाय घसरून पडलो. हात मोडला."
म्हटलं, असं का लिहायचं?
"बाईमाणूस हाय तुमी. शाळंतली नोकरी हाय. पोलिसात गेलं तर जाईल की वो. मी काय, दंड भरंन." पुढे म्हणाला, "तुमाला पाखरांचं दुख झालं म्हून मारलंत. मला कळतं."
कावळ्याचं सांगायला गेले होते. पाय घसरून पडलो, लिहिलं. स्वच्छ अक्षरात. त्याने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. दहावी पास आहे तो.
जेवूनच जा म्हणाली सुरेखा. जेवले.

२८ एप्रिल, सोम. सकाळ
दहाला वनखात्यात बोलावलंय. सरांचा दोनदा फोन आला, उचलला नाही. संतोषचा कागद पर्समध्ये आहे, मीच द्यायचाय. माझ्या अक्षरात त्याचं एक खरं आणि एक खोटं. दुसरा कागद काल लिहायला घेतला, माझ्या जबाबाचा. तारीख आणि नाव झालंय.
सरांच्या सहा वर्षांची वाट लागेल. मंडळाला परत कुणी बेटावर पाऊल ठेवू देणार नाही. नोकरीचं बघू. तीन घरटी उरलीत, परवापर्यंत तरी होती.
हे गाडी काढून बाहेर उभे आहेत. कुणाच्या बाजूने बोलणार, विचारलं नाही त्यांनी. हॉर्न वाजवला.