सुनंदाची खूण

आष्टा, मंगळवार संध्याकाळ

दूध प्लँटच्या सुपरवायझरच्या जागेसाठी आलेलं सुनंदाचं नाव आज मीच मागं टाकलं. "तिला ऐकू येत नाही, माणसं कशी सांभाळणार?" असं मीटिंगमध्ये मीच बोललो. बाहेर आल्यावर हे कळताच पॅकिंगमधला शिवा म्हणाला, "आवं सायेब, मशीन सुरू झाल्यावर हितं ऐकू येतंय कुणाला? आमी समदी तिनं शिकवलेल्या खुणांवरच काम करतोय न्हवं?"

खरंच की. मीसुद्धा. मग तसं बोललोच कसा मी?

तेवढ्यात सुनंदा समोर आली. भुवया उंचावून विचारलं, माझं काय झालं? मला खरं सांगवेना. हात आपोआप वर गेला, तळवा तिच्याकडे. थांब. तिनंच शिकवलेली खूण.

ती हसून थांबली. निर्णय अजून व्हायचाय, असंच तिला वाटलं असणार.