चबी म्हणायचं, जाड नाही

बुधवार, १४ तारीख, दुपार

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का?

आमच्या कपड्यांच्या दुकानात मालकीणबाईंनी नवा फतवा काढलाय. गिऱ्हाइकाला 'जाड' म्हणायचं नाही, 'चबी' म्हणायचं. परवा मी एका बाईंना सरळ सांगितलं, "हा ब्लाउज दंडात बसणार नाही, जाड अंगाला होईल असा दाखवते." त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं! मालकीणबाई धावत आल्या. "मॅडम, तुम्ही जरा चबी आहात ना, हा बघा." बाई चक्क लाजल्या, दोन घेऊन गेल्या. मराठीत शिवी आणि इंग्रजीत लाड, कमाल आहे बाई! पुरुषांना मात्र चालत नाही. काल एका काकांना म्हटलं, तर म्हणाले, "मी काय पाळण्यातलं बाळ आहे?"

मला आता कुणी चबी म्हणत नाही. उलट गिऱ्हाइकं विचारतात, "काय करता हो? आम्हालाही सांगा." मी सांगते, रोज चालते. कसलं चालते, डोंबल! दोन घास खाल्ले की पोट भरतं. माझेच कपडे उसवायचे आणि पुन्हा आत टीप मारायची, एवढाच व्यायाम. हे तर भलतेच खूश. लग्नात होतीस तशी दिसतेस म्हणतात, चारचौघांत मिरवतात. त्यांचा हिरमोड कशाला, म्हणून मी गप्प.

ताई, वर मजेत लिहिलं ते हाताच्या सवयीनं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या एकट्यांनीच कौतुक केलं नाही. पोट दाबून पाहिलं, न ठरवता वजन का उतरतंय म्हणून विचारलं, आणि मोठ्या इस्पितळात तपासून घ्या म्हणाल्या. मी फाटकापर्यंत जाते आणि परत फिरते. कशात जीव लागत नाही. आत्ताही लिहिता लिहिता उठले, उगाच सुया आवरल्या, पुन्हा बसले. भीती वाटते गं. फार भीती वाटते.

ह्यांना अजून बोलले नाही. तू रविवारी मुक्कामाला ये. दारात मला बघून 'छान दिसतेस' म्हणालीस तर याद राख! सोमवारी सकाळी माझा हात धर आणि आत ने. मी नको म्हणेन, रडेन, भांडेनसुद्धा. सोडू नकोस.

तुझीच,
धाकटी