आटवलेलं पाणी

आई, वहिनीच्या मुलीला दिवस गेलेत. गेल्या महिन्यात ती दिव्याहून माझ्याकडे ठाण्याला आली होती. चेहऱ्यावर तेज आलंय आणि मला ते बघवलं नाही. आत्याने असं म्हणू नये, पण तू आता रागवायला नाहीस.

माझे डोहाळे कडक म्हणून तू मला चौथ्यातच माहेरी डोंबिवलीला नेलंस. सासरी नळाचं चांगलं पाणी होतं, आपल्या चाळीत मात्र कारखान्यांच्या मागची बोअर. पाण्याला औषधासारखा वास यायचा. तू ते अर्धं होईपर्यंत आटवायचीस. "पी गं, पोटुशीला आटवलेलंच द्यायचं," म्हणत पेला पुढे करायचीस आणि मी नाक दाबून प्यायचे. सातव्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यानेच गेलं असं सांगता येणार नाही. पण उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत, पाणी आटलं की उलट दाट होतात. पातेलं माळ्यावर गेलं.

पुढे वहिनीच्या वेळी तू विठ्ठलवाडीला मावशीकडे जाऊन नळाचं पाणी कॅनमध्ये आणायचीस, कंबर धरून जिना चढायचीस. मी भेटायला आले होते. तहान लागली म्हणून कॅनला हात लावला, तर म्हणालीस, "अगं, ते तिचं आहे. तू माठातलं घे." तुझं बरोबरच होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, पण ठेच लागलेल्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. शहाणपण माझ्या बाळामुळे आलं आणि वहिनीच्या पदरात पडलं. मी जळले. अजून जळते.

त्या दिवशी पोर म्हणाली, "आत्या, आमच्याकडे पाण्याचे लय वांदे. टँकरचं येतं, तेपण बोअरचंच. मी मस्त आटवून पिते. पप्पा बोलले, आजी तुला तसंच द्यायची."

मी चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं.

आता एक दिवसाआड माझ्या नळाचं पाणी मीच दिव्याला नेते. काल जिना चढून दमले, तर तिने त्यातलाच पेला भरून दिला. "पी ना, आत्या." मी म्हटलं, "ते तुझं आहे."

हे पत्र कुठे टाकणार? जिना उतरताना रडू आलं, एवढंच सांगायचं होतं. तू तो कॅन एकदा माझ्यासाठी आणायला हवा होतास.