हंड्याचा दोष नव्हता

आई, मला भीती वाटते आहे, आणि घरात हे सांगावं असं कुणी नाही, म्हणून तुला सांगते. उद्या बाळाचे कान पुन्हा तपासायचे आहेत. बाळ म्हणजे माझ्या लेकाची मुलगी, आणि दादाच्या लेकीची. हो, माझ्या लेकानेही मामाचीच मुलगी केली, बाबांनी तुला केली तशी! "बहन से शादी?" असं नई सडकवरची कापडवाली अजून मला डोळे विस्फारून विचारते. ग्वाल्हेरात आपली घरं ती किती, सोयरीक शोधायची कुठे, असं तू आणि बाबा म्हणायचात. पहिल्या तपासणीत मशीनने बाळाला पास केलं नाही. "कान में पानी होगा, अक्सर होता है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. होतं तसं, ठाऊक आहे मला. उंदराच्या पिल्लाचा आतला कान कसा घडतो, हेच तर जन्मभर कॉलेजात शिकवलं. त्या शिकवण्याचा आज काडीचा उपयोग नाही.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं तुझं स्वयंपाकघर आठवतं. फडताळात प्रत्येक भांड्याखाली जुन्या लुगड्याचं फडकं. मी एकदा वाटी आपटते, तू फाडकन मुस्कटात देतेस आणि स्वतःच रडत बसतेस. माझ्या जन्माआधी नवा मध्य प्रदेश झाला, बाबांच्या कचेरीबरोबर तुम्ही काही वर्षं भोपाळला गेलात, आणि सामान बांधताना तुझ्या हातून पितळी हंडा निसटून दणाणला. दादा तेव्हा पोटात होता. "मीच त्याचे कान घालवले," म्हणायचीस. शेवटच्या आजारातही तेच.

अगं, हंड्याने काही होत नाही! कान घडताना एक पेशी शेजारणींना बजावते, ऐकायचं काम माझं, तुम्ही मला सांभाळा. त्या सांभाळणाऱ्या पेशींमध्ये बारीक दारं असतात, क्षार इकडून तिकडे जायला. ती दारं बनवायची कृती प्रत्येकाला दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. एक बिघडली तरी निभतं. दादाच्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या, मी त्याचं रक्त तपासून घेतलं. एक तुझी, एक बाबांची, आणि बहुतेक दोन्ही एकाच घरातून आलेल्या. म्हणजे त्याच्या लेकीकडे एक आहेच. माझ्या लेकाकडे आहे का, कोण जाणे. लग्नाआधी तपासून घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडले. लेक हसला. "आई, टेन्शन मत ले. मामाशी हातांनीच बोलतो ना आपण? होणाऱ्या मुलांशीही तसंच बोलू."

त्याला भीती नाही. सगळी माझ्याच वाट्याला आली. काल दुपारी कुकरचं झाकण माझ्या हातून फरशीवर पडलं, केवढ्याने वाजलं! समोरच दादा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. बाळ दचकलं की नाही, एवढंच बघायचं होतं. मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तर दादा माझ्याकडेच बघत होता. काय झालं, त्याने हाताने विचारलं. काही नाही, मीही हातानेच म्हटलं. नात त्याच्यासारखी निघेल म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही, हे त्याला कुठल्या हातांनी सांगू?

या कागदाला पत्ता नाही, तो इथेच राहील. पण एक सांगते, हसू नकोस. आज सकाळी सगळे उठायच्या आत मी ओट्यावरच्या एकूण एक भांड्याखाली फडकी घातली.