आमच्या मुलींना त्रास नाही

१४ जानेवारी २००१, गडचिरोली

आदिवासी मुलींच्या वसतिगृहात सोमारीशी बोलले. एम.ए.च्या प्रबंधासाठी — कॉलेजात मुलांकडून मुलींना होणारा त्रास. दार लावून घेतलं, दोघीच. "आम्ही जंगलातल्या ना, म्हणून कोणीबी हात लावते," म्हणाली. खूप रडली. आणि माझ्या मनात काय यावं — मुलाखत छान झाली! शी.

१९ जानेवारी

आज मोहल्ल्यातल्या मुली. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, सगळ्या समाजांच्या हव्यात. पण आमच्यात लग्नाच्या मुलीला बाजूला नेऊन असलं विचारायचं? हाजरा खालांच्या ओसरीवर बसलो. चहा आला. प्रत्येकीच्या पाठीशी तिची अम्मी.

माझी धाकटी बहीण अरीबाही होती. बी.ए.चं पहिलं वर्ष.

"कॉलेजात कधी कोणी त्रास दिला?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अम्मी माझ्याकडे बघत होती. मग अरीबा म्हणाली, "नाई."

मी लिहून टाकलं — पटकन! ती "हो" म्हणाली असती तर अब्बांनी तिचं कॉलेजच बंद केलं असतं. म्हणून.

२० जानेवारी

म्हणून? की सरांसमोर आपल्या घरची गोष्ट नको म्हणून? आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. तिला एकटीला कधीही विचारता आलं असतं. भेकड कुठली!

२६ फेब्रुवारी

कॉलेजात प्रबंध वाचला. टाळ्या. सर म्हणाले, "मुस्लिम मुलींना त्रास नाही, हा महत्त्वाचा निष्कर्ष आहे." नव्या तक्रार समितीवर सोमारीला घेतलं. आमची एकही नाही — गरजच काय! अब्बा शिलाई मशीन थांबवून गिऱ्हाइकांना सांगतात, "आपल्या पोरींकडे कोणी डोळा वर करून पाहात नाई."

खोटं मीच लिहिलंय, आणि मिरवतात ते.

५ मार्च

अरीबा आजही कॉलेजला गेली नाही. डोकं दुखतं म्हणे.

९ मार्च

अरीबानं कॉलेज सोडलं. अब्बा उलट समजावत होते, "जा बेटा, शिक!" ती ऐकेना. शेवटी मी तिला विचारलं — आता!

"मी गेली होती आपी, समितीच्या बाईकडे. नाव सांगितलं त्या पोराचं. तिनं तुया प्रबंध काढला. म्हणे, तुमच्या पोरींले त्रास नाई, तुया बहिणीनंच लिहून ठेवलं."